भोंगा, फळा, साधा फोन आणि व्हॉट्सॲप ग्रुप एकमेकांना जोडताना : कामाच्या नोंदी

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

नोंदी लिहायला घेतल्या कारण आज डोकं फिरलंय. रविवारी पाऊस लागला तो सोमवारी पोळ्याच्या दिवशीपण थांबला नाही, लोक बैल मिरवायचे सोडून गोठ्यातलं पाणी काढत होते आणि ओढ्याकाठचं सगळं सोयाबीन पाण्यात. पीक विम्याचा नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, ॲपवर नाहीतर टोल फ्री नंबरवर. हे मी स्वतः सोमवारी रात्री गावच्या ग्रुपवर टाकलं, खाली पटापट अंगठे पडले, मला वाटलं झालं काम. आज दुपारी माझ्या सेवा केंद्रावर अकरा जण आले हातात विम्याची पावती घेऊन. "आरं आत्ता गिरणीवर कळलं." तास मोजले तर सात जणांचे संपलेले.

रात्री बसून मतदार यादी आणि ग्रुपची यादी समोरासमोर धरली. गावात ३१२ घरं. ग्रुपमध्ये २८६ माणसं, पण त्यातली ९० च्या वर पुण्याला नाहीतर संभाजीनगरला, आणि काही घरांतले चार-चार जण. ज्या घरातलं एकपण माणूस ग्रुपमध्ये नाही अशी घरं ११८ निघाली. म्हणजे ज्याला आपण "गावचा ग्रुप" म्हणतो तो गावच्या पाऊण भागाचापण नाही.

गाव बालाघाटाच्या डोंगरात, धारूर तालुका. अडीच किलोमीटरवर आमच्याच गावचा बंजारा तांडा आहे, तो या ३१२ मध्ये धरलेला नाही. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातं, मग तर विचारूच नका.

८ सप्टेंबर

नवीन काही उभं करायच्या आधी ११८ घरांना बातमी सध्या कुठून कळते ते बघायचं ठरवलं. आशाताईंना सोबत घेतलं, कारण मी एकटा गेलो तर लोकांना वाटतं कसला तरी फॉर्म भरून घ्यायला आलाय.

बायांना पिठाच्या गिरणीवर आणि बचत गटाच्या बैठकीत, गड्यांना दूध डेअरीवर आणि पारावर, म्हाताऱ्यांना हरिपाठाला. तांड्यावर नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, सांगतील ते. म्हणजे जाळं आहेच आणि आपल्या ग्रुपपेक्षा जुनं आहे, फक्त दोन्हींत गाठ कुठंच नाही. डेअरीवरचा माणूस ग्रुपमध्ये आहे पण तो फक्त गुड मॉर्निंग टाकतो.

गिरणीवाले मामा म्हणले, "मला सांगायचं काय आन कवा ते सांग, माझ्याकडं दिवसाला साठ-सत्तर डबे येतेत." गिरणीच्या भिंतीवर फळा काढायचं तिथंच ठरलं. काळा रंग अर्धा लिटर, १४० रुपये.

१२ सप्टेंबर

चार दिवस वाया. मला वाटलेलं की ग्रुपमध्ये नसलेल्या पण व्हॉट्सॲप असलेल्या लोकांची एक ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. ८३ नंबर घरोघर फिरून गोळा केले. मेसेज टाकला तर बहुतेकांना एकच टिक. दोन दिवस रेंजला शिव्या दिल्या. मग कळलं की ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच जातो ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे. आता परत घरोघर जाऊन नंबर सेव्ह करून द्यायचा. तुम्ही करणार असाल तर नंबर घ्यायला जाल तेव्हाच त्यांच्या फोनमध्ये आपला घालून या, चपला वाचतील.

१५ ते १९ सप्टेंबर

भोंग्याचं काम. मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर मंदिरात धूळ खात पडलेला, गणपतीपुरता निघतो. विसर्जन झालं की तो कायमचा घ्यायचा आणि भोंगा ग्रामपंचायतीच्या टाकीवर चढवायचा असं ठरलं. मंदिरापासून टाकी १८० मीटर.

पहिली चूक. घरातल्या वायरिंगची उरलेली बारीक वायर वापरली आणि ॲम्प्लिफायरच्या १६ ओहमच्या टर्मिनलला जोडली. एवढ्या लांबीत निम्मा आवाज वायरीतच मेला, टाकीखाली उभं राहिलं तरच ऐकू यायचं.

दुसरी चूक त्याहून मोठी. एका पोराने सांगितलं १०० व्होल्टच्या टर्मिनलला लाव, लांबच्या वायरीला तेच असतं. बरोबर सांगितलं होतं त्यानं, पण अर्धवट. त्या लाईनला भोंग्याच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर लागतो. मी थेट लावलं. "हॅलो हॅलो" मधल्या दुसऱ्या हॅलोला भोंगा गेला. वर चढून युनिट काढलं तर आतली कॉइल काळी, वास खिशात घेऊन खाली उतरलो.

नवीन युनिट ९५०, ट्रान्सफॉर्मर ३८०. जोडल्यावर आवाज पार खालच्या वस्तीपर्यंत.

वेळेवरून बसणं झालं. सकाळी नको, पोरं अभ्यासाला आणि बाया पाण्याला. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला कायद्यानंच बंदी. मशिदीतले चाचा म्हणले मगरिबची अजान झाली की दहा मिनिटांनी लावा, हरिपाठपण तोवर सुरू होत नाही. सूर्य मावळायची वेळ रोज बदलते म्हणून घड्याळाची वेळ ठरवलीच नाही, अजान झाली की दहा मिनिटं. गावात कुणी वारलं असलं तर त्या दिवशी भोंगा नाही.

२४ सप्टेंबर

आवाज कुणाचा? पहिले पाच दिवस मी बोललो. डेअरीवर विचारलं तर कुणाला काही आठवेना. एक आजी म्हणल्या, "तुझा आवाज बँकेच्या फोनवानी लागतो, मी ध्यानच देत न्हाई." मग गिरणीवाल्या मामींना बोलायला लावलं. त्या कागद वाचत नाहीत, मी सांगतो आणि त्या आपल्या शब्दांत बोलतात, "आगं ऐका गं" पासून सुरुवात. तेच रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतो, भोंग्यावर लावतो, आणि फळ्यावर चार ओळी. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या पोरांनी ग्रुपवर मामींना हात जोडले, काही जणांनी ते आवाज पुढं स्वतःच्या आयांना पाठवले म्हणे, ज्या इथं गावातच राहतात! म्हणजे बातमी गावातून पुण्याला जाऊन परत गावात. असू दे, पोचली ना.

२६ सप्टेंबर

भोंगा ब्लूटूथवर चालवत होतो कारण सोपं. आज मामींचा आवाज चालू असताना मधेच कुणाचा तरी फोन जोडला गेला आणि अख्ख्या गावावर डीजेचं गाणं, मंदिरात हरिपाठाचे टाळ वाजायला लागलेले. माळकरी मंडळी थेट माझ्या घरी. ब्लूटूथचा बोर्ड काढून टाकला, आता साधी ऑक्स वायर. ज्याच्या हातात वायर त्याचाच आवाज.

२८ सप्टेंबर

ही नोंद लिहायची लाज वाटते पण लिहितो.

परवा एक फॉरवर्ड आला, लाडकी बहीणवाल्यांनी उद्यापर्यंत बँकेत आधार जोडलं नाही तर आलेले पैसे परत घेणार. मी मामींना दिलं, मामींनी सांगितलं, भोंग्यावर गेलं. काल सकाळी चाळीसच्या वर बाया जीप करून तालुक्याला, जाऊन येऊन माणशी ६० रुपये, आणि सोयाबीन काढणीचा ऐन हंगाम, ३०० रुपयांचा रोज बुडाला तो वेगळाच. बँकेत सांगितलं असं काही नाही. ज्यांचं आधार आधीच जोडलेलं होतं त्यापण गेल्या होत्या.

हेच ग्रुपवर आलं असतं तर निम्म्यांनी खोटं म्हणून सोडून दिलं असतं. भोंग्यावर मामींच्या आवाजात आलं म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. मामी दोन दिवस बोलायच्या बंद, "माझं नाव खराब केलंस तू."

आजच्या भोंग्यावर मी माझ्या आवाजात चूक कबूल केली. आणि आता नियम : सरकारी बातमी असेल तर तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांच्यातल्या एकाला फोन करून विचारल्याशिवाय मामींकडं जाणार नाही. ज्याला विचारलं त्याचं पद फळ्यावर कोपऱ्यात लिहायचं. यात एक दिवस उशीर होतो, होऊ दे.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. ग्रामसेवकांचा सकाळीच फोन, टाकीवरचा भोंगा बंद ठेवा, परवानगीशिवाय लाऊडस्पीकर नको. परवानगीला तहसीलला अर्ज करता येतो पण रोजच्या बातमीसाठी कुणी देईल असं दिसेना, आणि मलाही निवडणुकीच्या टायमाला कुणाचा तरी शिक्का लावून घ्यायचा नव्हता.

मग हलगीवाल्या तात्यांकडं गेलो, आधी तेच दवंडी द्यायचे. ते म्हणले, "वाजवीन. पण पहिल्यासारखं दारात उभं ऱ्हाऊन भाकरी घेनार न्हाई. फेरीचं शंभर, आन ते रातीच्या आत." बरोबरच आहे. आठवड्याला दोन फेऱ्या, पैसे बचत गट आणि माझं केंद्र निम्मे-निम्मे. खरं सांगायचं तर भोंग्यापेक्षा तात्यांची फेरी जास्त पोचली, कारण लोक त्यांना थांबवून उलट प्रश्न विचारतात. भोंग्याला काय विचारणार.

तात्यांनी आणलेले प्रश्न मी ग्रुपवर टाकायला लागलो. एकाचा सातबारा पुण्यातल्या पोराने ऑनलाईन काढून दिला. गावातून ग्रुपकडं जाणारी ही पहिली वाट.

३ ते ११ नोव्हेंबर

दिवाळी संपली. यंदा कारखाने १५ तारखेपासून, त्यामुळं ऊसतोडीच्या टोळ्या आता निघायलेत, २० ला मतदान आहे तरी टोळ्या नेणारे मुकादम काही थांबत नाहीत. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. टोळीतल्या एखाद्या पोराकडं मोठा फोन असतो पण तो उसाच्या फडात चार्ज नसतो. बाकी सगळे साधे फोन. त्यांच्यासाठी ना भोंगा, ना फळा, ना तात्या.

एसएमएसचा विचार केला आणि सोडला. मराठीत लिहिलं की एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात, इंग्रजी लिपीत १६० बसतात. त्यात काही फोनवर नुसत्या चौकटी दिसतात. एकदम शेकड्यांनी पाठवायला कंपनी म्हणून नोंदणी लागते, ती आपल्या आवाक्याबाहेर.

मग सुचलं की फोन लावला की बातमी ऐकू आली पाहिजे, बास. मोठ्या फोनवर ॲप टाकून बघितली, कॉल उचलतात पण कॉलच्या आत रेकॉर्डिंग वाजवू देत नाहीत, फोनची सिस्टिमच अडवते. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी साधा बटणाचा फोन घेतला, १३५० रुपये. त्यात हेडसेट लावलेला असला की कॉल आपोआप उचलायची सेटिंग असते. हेडसेटच्या जागी वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला मेमरी कार्डवाला एमपीथ्री बोर्ड, १८० रुपये, तो दिवसभर एकच रेकॉर्डिंग फिरवत बसतो.

जे करणार असतील त्यांच्यासाठी, इथं मी अडकलो ते :

पिनला चार कप्पे असतात. टोकाकडून धरलं तर तिसरा ग्राउंड आणि चौथा माइक, पण काही फोनांत हे दोन उलटे. मी घेतलेला फोन उलटा निघाला, दोन रात्री नुसतं सूं ऐकत बसलो.

माइक आणि ग्राउंडच्या मधे रेझिस्टर नसला तर फोन त्याला हेडसेट मानतच नाही, आणि फार कमी ओहमचा टाकला तर बटण दाबल्यासारखं समजून कॉल तोडतो. २.२ किलोओहमला जमलं.

बोर्डाचा आवाज माइकला सरळ दिला तर इतका मोठा जातो की ऐकणाऱ्याला फक्त खर्रर्र. मधे ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, बोर्डाचा आवाज निम्म्यावर आणला, मग मामी मामींसारख्या वाटल्या. हे सगळे पार्ट मिळून ३० रुपयांच्या आत.

रेकॉर्डिंग फिरत असतं त्यामुळं फोन लावणारा कुठूनपण मधूनच सुरू होतो. म्हणून बातमी एक मिनिटाचीच, आणि सुरुवातीला मंदिरातली घंटा. लोकांना सांगितलं, घंटा वाजली की पहिल्यापासून.

फोन गिरणीत ठेवला, कारण मामा तिथं असतात आणि लाईट गेली तरी फोनला त्याची बॅटरी आहे. बोर्डाला जुनी पॉवर बँक. रिचार्ज १९९, २८ दिवस, ते संपलं तर येणारे कॉलपण बंद होतात म्हणून तारीख फळ्यावरच लिहून ठेवली. निघायच्या आदल्या रात्री टोळ्यांच्या गाड्यांपाशी जाऊन प्रत्येकाच्या फोनमध्ये नंबर टाकून दिला, "गिरणी" नावानं.

२४ नोव्हेंबर

पहिले दहा दिवस दिवसाला दोन-तीन कॉल, मला वाटलं फसलं. मग फोनमधली यादी नीट बघितली तर कॉल पहाटे चार ते पाचमध्ये. बाया चुलीवर भाकरी टाकताना, फडात जायच्या आधी, कोपीतून, म्हणजे झोपडीतून लावायलेत. आणि मी बातमी सकाळी नऊला बदलत होतो, म्हणजे त्यांना कायम कालची. आता रात्रीच बदलतो. कालचे कॉल १९.

एक अडचण आहे. लावणाऱ्याने फोन ठेवला नाही तर इकडचा फोन स्वतःहून ठेवत नाही. कुणाचा तरी कॉल ४७ मिनिटं चालू होता, बाकी सगळ्यांना एंगेज. मामी आता शेवटी म्हणतात "झालं, ठिवा आता फोन". मामा डबा मोजता मोजता लाल बटण दाबतात.

९ डिसेंबर

दुसरी मोठी चूक, आणि ही पैशानं भरून निघत नाही.

टोळ्यांकडून गावाकडं निरोप यायला लागले. कुणीतरी पोराच्या फोनवरून माझ्याकडं आवाज पाठवतं, मी घरी पोचवतो. निकाल लागल्यावर आचारसंहिता उठली होती, भोंगा परत सुरू. रोज पंधरा-वीस निरोप व्हायला लागले तेव्हा मी आळस केला, दोन-चार निरोप भोंग्यावरच लावले, लोकांना गंमतपण वाटली. परवा एका पोराचा आवाज पूर्ण न ऐकताच लावला. त्यात तो बापाला सांगत होता की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, संक्रांतीनंतर मी टोळी सोडून येणार, कुणाला बोलू नका. मुकादमाचा भाऊ पारावरच बसलेला.

रात्रीतून तिकडं फोन गेले. भांडण झालं, पोराला टोळीत सगळ्यांसमोर बोलणी बसली. त्याचा बाप माझ्या दुकानात आला, काही बोलला नाही, बाकड्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, थोड्या वेळानं उठून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जाऊन मुकादमाच्या भावाशी आणि त्या बापाशी बोललो, सरपंचांनाही मधे घेतलं. पोरगा सध्या तिथंच आहे.

तेव्हापासून माणसाचा निरोप भोंग्यावर नाही, फळ्यावर नाही, ग्रुपवरपण नाही. नववीतल्या दोन पोरी शाळा सुटल्यावर माझा जुना फोन घेऊन घरोघर जातात, आवाज त्या माणसाच्या कानाला लावतात आणि लगेच तिथंच उत्तर रेकॉर्ड करून घेतात. ऐकल्यावर डिलीट. त्यांना महिन्याला प्रत्येकी ३०० ठरवलेत.

२२ डिसेंबर

आतापर्यंत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. रेशन कार्डाची ई-केवायसी, घरातल्या प्रत्येकाचा अंगठा लागतो. टोळीतले लोक घाबरले की नाव कमी होणार, त्यासाठी दोघं-तिघं चार दिवसांचा रोज बुडवून गावाकडं यायला निघाले होते. अन्नधान्य पुरवठावाल्यांना विचारून घेतलं, जिथं आहेत तिथल्या रेशन दुकानातपण होते. मामींनी फोनवर तेच सांगितलं.

तिकडून उलट निरोप, दुकानदार कार्ड नंबर मागतोय आणि कार्ड गावात पेटीत. आता इथं एसएमएस कामाला आला. नुसते आकडे पाठवायचे, १२ आकडी नंबर आणि माणसाचं नाव इंग्रजी लिपीत, कुठल्यापण डबड्या फोनवर दिसतं. पोरींनी घरी जाऊन कार्डाचे फोटो आणले, मी दोन दिवसांत ५४ एसएमएस माझ्याच सिमवरून एकेक करून पाठवले. एका दुकानदारानं बाहेरच्या जिल्ह्याचे म्हणून आधी हाकलून दिलं होतं, दुसऱ्या दुकानात झालं. ५४ पैकी ४१ घरांचं झालं म्हणून कळवलंय.

१२ जानेवारी २०२५

तांड्यावर आपलं काहीच चालत नव्हतं हे कबूल करायला पाहिजे. फळा तिथं नाही, भोंगा ऐकू जात नाही, आणि फोनवर मामींची मराठी. तिथल्या म्हाताऱ्या बायांना गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीच पाहिजे. चार महिने मी "नाईक सांगतात की" म्हणून सोडून दिलेलं. नाईकांच्या सुनेनं स्वतःहून विचारलं, आमचं आम्ही बोललं तर चालतंय का. चालतंय काय, आधीच विचारायला पाहिजे होतं मी. ती बारावी शिकलेली, माझ्यापेक्षा नीट विचारते, "हे कुणी सांगितलं" म्हणून मलाच उलटतपासणी.

पण एका फोनवर दोन भाषा बसत नाहीत, एक मिनिटाची दोन मिनिटं होतात. दुसरा फोन लागणार.

२७ जानेवारी

काल २६ जानेवारीची ग्रामसभा. यंदा पहिल्यांदा टोळ्यांकडून आलेले प्रश्न वाचले. सहा होते, त्यातले चार पाण्याच्या टाकीपासून वरच्या वस्तीला जाणाऱ्या नळाचे. एका सदस्यांनी हरकत घेतली की माणूस हजर नाही तर प्रश्न कसला. सरपंच म्हणले प्रश्न गावच्या माणसाचाच आहे, लिहून घ्या. लिहून घेतलं. नळाचं काय होतंय बघू. ग्रामसभेत काय झालं ते रात्री मामींनी फोनवर सांगितलं, पहाटे ३३ कॉल, आजवरचे सगळ्यात जास्त.

खर्च विचारणारे बरेच आहेत म्हणून लिहून टाकतो. फळ्याचा रंग १४०, भोंग्याचं युनिट ९५०, ट्रान्सफॉर्मर ३८०, फोन १३५०, बोर्ड १८०, बाकी पार्ट ३०, सगळे मिळून ३०३०. त्यातले ९५० माझ्या मूर्खपणाचे. तात्यांचे, पोरींचे आणि रिचार्जचे वेगळे, महिन्याला साधारण १६००, ते बचत गट, डेअरी आणि मी वाटून घेतो. पुण्यातल्या पोरांनी एकदाच २००० पाठवले, नंतर नुसते हात जोडायलेत.

४ फेब्रुवारी

गिरणीतल्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण बसेना. कायम चार्जरला लावून ठेवायचो त्याचा परिणाम. नवीन बॅटरी २५० रुपये. मामा आता सकाळी चार्जर काढतात आणि गिरणी बंद करताना लावतात.

तांड्याचा फोन घेतलाय, तोच मॉडेल मुद्दाम, म्हणजे पिन उलटीच येणार हे आधीच माहिती. बोर्ड मात्र कुरिअरवाल्याकडं अडकलाय, तीन दिवस "उद्या" म्हणतोय. तोवर नाईकांची सून रेकॉर्डिंग करून ठेवायली. घंटेच्या जागी तिनं नगाऱ्याचे दोन ठोके टाकलेत.